वृद्धाश्रमातील ज्येष्ठांची छळापासून सुरक्षितता व परिचारिकेची भूमिका : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था दीर्घकाळ ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणून ओळखली गेली. कर्ती पिढी मुंबईस व वृद्ध गावी, अशी येथील अनेक कुटुंबांची घडण आहे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या, त्यामागे प्रामुख्याने हेच स्थलांतर होय. घरी पाहणारे कोणी उरले नाही की वृद्धाश्रमाचा पर्याय पुढे येतो. चाकरमानी नातलग गणपती-शिमग्याला भेटून जातो. वृद्धाचे शरीर दररोज पाहते ती परिचारिका. प्रस्तुत लेखात तिच्या भूमिकेचा विचार केला आहे.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. ओले अंथरूण न बदलणे, कटकट नको म्हणून झोपेचे औषध देणे, खाटेस बांधणे, कागदावर अंगठा उमटवून घेणे हाही छळच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात असे वर्तन घडल्याची स्वतः कबुली दिली. म्हणजे परिचारिका रक्षक असते, तशी प्रसंगी दोषीही असू शकते.

हेळसांडीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे शय्याव्रण. वेळोवेळी कूस बदलली तर तो बहुतांशी टळतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची १९७३ ते २०१५ अशी बेचाळीस वर्षे शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात तिची प्रशंसा केली. अर्थात तेथे मोठ्या रुग्णालयाचे मनुष्यबळ होते. रात्रपाळीस एकटीच असणाऱ्या परिचारिकेकडून तीच अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

ज्येष्ठांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार ज्येष्ठास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तथापि या कायद्याचा मुख्य भर अपत्यांच्या व नातलगांच्या जबाबदारीवर आहे. आश्रमाच्या भिंतीआड घडते ते सिद्ध करावयाचे तर लेखी नोंद हवी : तारीख, वेळ, वळाची जागा व आकार, आणि वृद्धाशी एकांतात बोलून त्याच्याच शब्दांत सांगितलेले कारण. एकाच आजींपुढे ‘न्हाणीघरात पडल्या’ ही नोंद महिन्यात तिसऱ्यांदा आली, तर तो योगायोग मानता येणार नाही.

अडचण अशी की परिचारिकेचे वेतन व्यवस्थापनाच्याच हाती असते. म्हणून तक्रारीची वाट आश्रमाबाहेर जाणारी हवी; पोलीस ठाणे व १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी या वाटा उपलब्ध आहेत. आपल्या महाविद्यालयांच्या वृद्धाश्रम-भेटी बहुधा फळवाटप व छायाचित्रांत आटोपतात. पुढील भेटीत परिचारिकेशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि पडझडीची नोंदवही ठेवली जाते काय, एवढे तरी विचारावे.