कबड्डीच्या मैदानाएवढा एक ग्रॅम
(लेखमाला : ऊर्जेचं रसायन, लेखांक ६)

मागच्या लेखात मिथेनॉलवर चालणारा इंधनघट पाहिला. त्यात मिथेनॉलच्या एका रेणूचं पूर्ण ऑक्सिडीकरण झालं की सहा इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते घडवून आणतं प्लॅटिनम. एवढा महाग धातू परवडायचा कसा, हा प्रश्न तिथे राहिला होता.

एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन ठोकळा घ्या. बाजू जेमतेम ३.६ मिलिमीटर, पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरसुद्धा नाही. त्याच ग्रॅमचे २ नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर पृष्ठभाग भरतो सुमारे १४० चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे त्याहून थोडा जास्तच! ठोकळ्याच्या पोटातले अणू म्हणजे पिठल्याच्या गुठळीतलं कोरडं बेसन. पैसे त्याचेही पडले, पण पाणी काही लागलं नाही. २ नॅनोमीटरच्या कणात मात्र निम्मे अणू पृष्ठभागावरच असतात.

असे कण करण्याची जुनी रीत अशी : क्लोरोप्लॅटिनिक आम्ल कार्बनच्या भुकटीत जिरवायचं आणि हायड्रोजनमध्ये तापवायचं. त्यात दोन अडचणी येतात. उरलेलं क्लोराइड कणांना चिकटून मोक्याच्या जागा अडवतं, आणि उष्णतेनं लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात.

फ्रान्समधल्या तुलूझ इथे ब्रुनो शोद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली, सेंद्रिय-धातू संयुगांची. बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोन यांपासून मिळणारा डायबेन्झिलिडीन ॲसिटोन हा रेणू आपल्या दुहेरी बंधांनी प्लॅटिनमला धरून ठेवतो. या संयुगात प्लॅटिनमची ऑक्सिडीकरण स्थिती आधीच शून्य असते. त्याला धातू ‘बनवावं’ लागत नाही, नुसतं मोकळं करावं लागतं. हवा पूर्ण वगळून संयुग द्रावकात विरघळवायचं आणि चंबूत दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन त्या दुहेरी बंधांत शिरतो, बंध एकेरी होतात आणि पकड सुटते. मोकळे झालेले अणू एकत्र येऊन कण होतात, तेही खोलीच्या तापमानाला. क्लोराइडचा तर प्रश्नच नाही.

पण अणूंना एकत्र येण्यापासून वेळीच रोखलं नाही, तर पुन्हा गुठळ्या! म्हणून चंबूत अमाइन किंवा एखादा बहुवारिक घालतात. तो कणांभोवती अस्तर धरतो. अस्तर विरळ झालं तर कण चिकटतात, दाट झालं तर इंधनाला पृष्ठभागच मिळत नाही. सगळं कौशल्य या मापात आहे.

एवढी निगा राखून कण स्वच्छ ठेवले, तरी त्यांना मळवतं खुद्द इंधनच. मिथेनॉल तुटताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि प्लॅटिनमवर ठाण मांडून बसतो. त्याला हलवायला शेजारी रुथेनियम लागतो. तो पाण्याकडून ऑक्सिजन कसा मिळवतो, ते पुढच्या लेखात.