मल्ल आणि चिंपांझी
चिंपांझी मनुष्याच्या पाचपट बलवान असतो, ही दीर्घकाळ रूढ असलेली समजूत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बरीच खाली आणली; त्याच्या स्नायूंचे सामर्थ्य आपल्या सुमारे १.३५ पटच भरले, आणि तेही त्यांतील दोन-तृतीयांश तंतू शीघ्र आकुंचन पावणारे असल्यामुळे; आपले तंतू मात्र बहुतांशी मंद, दूरवर चालण्याच्या कामाचे असतात. मग तालमीत अंग कमावलेला १०० किलोंचा मल्ल ५० किलोंच्या नराला सहज चीत करील, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो खरा. परंतु कुस्तीचे कायदे या प्रतिपक्षाला मंजूर नाहीत. तो चारही पंजांनी पकड घेतो आणि सुळ्यांनी चेहरा, बोटे, वृषणे यांवर तुटून पडतो. निःशस्त्र सामन्याचा निकाल, माझ्या मते, चिंपांझीच्याच बाजूने.