पद्मनगरचा किराणा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून पद्मनगरच्या बाजूला वळलं की मागांचा खडखडाट तोच राहतो, पाट्यांवरची लिपी मात्र बदलते. मराठी-हिंदीच्या जोडीला तेलुगूची गोल अक्षरं दिसायला लागतात. किराणा दुकानाच्या पायरीवर लाल मिरचीची उघडी पोती, आत तांदळाच्या पंचवीस किलोच्या पिशव्यांची थप्पी, काउंटरवर चटण्यांची पाकिटं. गल्ल्यावरचा माणूस एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी हिंदीत आणि तिसऱ्याशी मराठीत हिशेब करत असतो. तरुण बाई आली की ‘अक्का’, वयस्कर आली की ‘अम्मा’, आणि तुमच्या-माझ्यासारखी मराठी दिसली की ‘काय पाहिजे ताई?’

भिवंडीत प्रत्येक वस्तीचं वाणसामान वेगळं आहे. उत्तर प्रदेश-बिहारच्या कारागिरांच्या वस्तीतल्या वाण्याकडे सरसोंचं तेल आणि सत्तू हमखास असणार. आगरी घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटून डब्यात गेलेला असतो, त्यासाठी दुकानावर कुणी अवलंबून नसतं. कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांची चव आणखी निराळी. पण बाहेरच्या माणसाने मुद्दाम वाट वाकडी करून जावं अशी दुकानं म्हणाल तर मी पद्मनगरकडेच बोट दाखवीन. ती स्वतःला ‘खास’ म्हणवत नाहीत. वस्तीला जे रोज लागतं ते ठेवतात, एवढंच.

ही वस्ती प्रामुख्याने पद्मशाली विणकरांची. तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतले विणकर निजामाच्या काळापासून कामाच्या शोधात पश्चिमेकडे येत राहिले. सोलापूरचा पूर्व भाग त्यांनी वसवला, नगर आणि इचलकरंजीत ते स्थिरावले, मुंबईत कामाठीपुऱ्यापासून वरळीपर्यंत पसरले. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि मुंबईच्या कापडाचं बरंचसं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. कामामागून माणसं आली, माणसांमागून मिरच्या आणि तांदूळ. पद्मनगर-कामतघर भागात आता जन्माने भिवंडीकर असलेल्या पिढ्या आहेत. पालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळाही इथे आहेत, पण तेलुगू ऐकायची असेल तर संध्याकाळी किराणा दुकानात उभं राहावं. तिथे ती जास्त खणखणीत असते.

सुरुवात तांदळापासून करावी, कारण दुकानाची निम्मी जागा त्यानेच खाल्लेली असते. सोना मसुरी, बीपीटी, जय श्रीराम, एचएमटी अशी नावं पिशव्यांवर असतात. बीपीटी म्हणजे बापटला इथल्या संशोधन केंद्रातून 1980 च्या दशकात आलेला सांबा मसुरी. बारीक दाणा, भात हलका. अलीकडे ‘तेलंगणा सोना’ही मिळतो. त्याने रक्तातली साखर इतर तांदळांच्या मानाने सावकाश वाढते म्हणून मधुमेही माणसं तो मागून नेतात. या तांदळांना बासमतीचा किंवा आंबेमोहोराचा वास नसतो. ज्याला भातच तीन वेळा खायचा आहे त्याला वास नको असतो. वरून ओतलेलं पुलुसू म्हणजे चिंचेचं कालवण, चारू म्हणजे सार, किंवा ताक शोषून घेऊनही मोकळा राहणारा दाणा हवा असतो. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ म्हणूनच नव्यापेक्षा भाव खातो. मऊ भात आवडणाऱ्या कोकणी माणसाला तो कोरडा वाटेल, हे आधीच सांगते.

त्यातल्या एचएमटीपाशी जरा थांबायला हवं. तेलंगणाचा म्हणून आवडीने नेला जाणारा हा तांदूळ मुळात आपल्या चंद्रपूरचा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. 1983 मध्ये त्यांना शेतातल्या पटेल-3 जातीच्या पिकात काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे बाजूला काढले, पुढची काही वर्षं निवडून निवडून पेरले आणि बारीक दाण्याचं, जास्त उताऱ्याचं वाण हाती आलं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. वाण विदर्भातून तेलंगणात, छत्तीसगडात गेलं. त्यावर व्यापाऱ्यांनी पैसे केले. खोब्रागड्यांना पुरस्कार मिळाले, त्या पैशात वाटा नाही. 3 जून 2018 ला ते गेले, तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी घरच्यांची ओढाताण चाललेली होती. पद्मनगरच्या थप्पीतली एचएमटीची पिशवी उचलताना हे नाव माहीत असावं, एवढीच अपेक्षा. पिशवीवर ते छापलेलं नसतं.

आता मिरची. आपल्याकडे मसाल्याला बेडगी आणि लवंगी किंवा संकेश्वरी यांची जोडी लागते: एक रंगाला, दुसरी तिखटाला. इथेही तोच न्याय आहे, फक्त पात्रं वेगळी. तिखटाला गुंटूरची सन्नम. लांबट, बारीक, सालीला जाड, आणि खरोखर झणझणीत. रंगाला वरंगळकडची चपाटा, जी दिसायला छोट्या टोमॅटोसारखी गोलसर, लालभडक आणि तिखटाला अगदी बेताची. तिला भौगोलिक मानांकन 2025 मध्ये मिळालं. चपाटा नेहमी मिळत नाही. उन्हाळ्यात, लोणच्यांच्या सुमारास विचारावं. सन्नम घेताना देठ तोडून वास घ्या आणि मिरची कानाजवळ हलवा. बिया वाजल्या तर वाळलेली, नाही वाजल्या तर दमट. दमट मिरची वजनाला भरते आणि महिन्याभरात डब्यात बुरशी धरते.

पण एकच वस्तू न्यायची असेल तर कंदी पोडी न्यावी. तुरीच्या डाळीची ही पूड आंध्र पद्धतीच्या हॉटेलांत ‘गनपावडर’ म्हणून वाढतात, तीच. करायला सोपी, चुकायलाही सोपी. तूरडाळ कोरडी, मंद आचेवर भाजायची. वरून तांबूस दिसली तरी आतून कच्ची असते, म्हणून दाणा दाताखाली तोडून पाहायचा. कट्कन तुटला आणि मध्ये पिवळा ठिपका उरला नाही तर झाली. त्याच कढईत सन्नम मिरची, मग जिरं. गार झाल्यावर मीठ घालून वाटायचं, पण रव्याइतपत रवाळ ठेवायचं, मैदा करायचा नाही. शेवटी सोललेल्या लसणाच्या चार पाकळ्या टाकून मिक्सरचा एक फेरा. कोणी निम्मी हरभरा डाळ घालतं, ती पूड स्वस्त पडते आणि घशात बसते. दुकानातली पूड घेताना हेच पाहायचं: रंग विटकरी हवा, पिवळट नको, आणि लसणाचा वास पाकीट उघडताच यायला हवा.

खायची रीतही ठरलेली. वाफाळत्या भातावर चमचाभर पोडी, वर तूप, बोटांनी कालवून पहिले चार घास तिचेच. मागावर बारा तासांची पाळी करून येणाऱ्या, एका खोलीत अनेकांनी मिळून राहणाऱ्या माणसाचं हे पूर्ण जेवण होऊ शकतं. डाळ आली, तिखट आलं, चुलीवर फक्त भात. भिवंडीत कामगारांच्या खानावळीला ‘बिस्सी’ म्हणतात. बिस्सीची आमटी पातळ निघाली की खिशातली पोडीची पुडी बाहेर येते. या पुडीला मी शेंगदाण्याच्या सोलापुरी चटणीच्या वर ठेवते. सोलापूरकरांनी राग मानू नये. तिथल्या पूर्व भागातही हीच पूड घरोघर होते.

अंबाडी तेलुगू घरात गोंगूरा म्हणून नांदते. आपण तिची पातळ भाजी ज्वारीच्या कण्या घालून करतो, वर लसणाची फोडणी. तेलंगणात तिचा पाला तेलात परतून, भाजलेल्या लाल मिरच्या आणि लसणाबरोबर वाटून पच्चडी करतात. दुकानात ती बरणीत मिळते, पण बरणीतली लोणच्याच्या अंगाने जाते: मीठ आणि तेल जास्त, आंबटपणा दबलेला. त्यापेक्षा दुकानाबाहेर बसलेल्या भाजीवालीकडून लाल देठाची जुडी घ्यावी. लाल देठाची हिरवीपेक्षा आंबट असते. घरी परतली तर चिंच घालायची गरज पडत नाही. पानं धुऊन पंचावर पूर्ण सुकवायची, नाहीतर परतताना पाणी सुटून चिकट होतात.

चिंच मात्र घ्याच. इथे नवी आणि जुनी अशी दोन ढिगांत असते. नवी तांबूस, जुनी काळपट. जुनी गोडसर होते, तिचं सार छान. नवी आंबटढाण, ती पच्चि पुलुसूसाठी. हे न शिजवलेलं सार: चिंचेचं पाणी, भाजून चुरडलेली हिरवी मिरची, कच्चा कांदा, गुळाचा खडा, मीठ आणि फोडणी. मे महिन्यात वीज गेलेली, गॅसजवळ उभं राहवत नाही, अशा दुपारी भातावर हेच. मराठी घरांनी हा पदार्थ अजून उचलला कसा नाही याचं मला नवल वाटतं.

त्याच मे महिन्यात दुकानाचं रूप पालटतं. आवकाय म्हणजे कैरीच्या लोणच्याचा हंगाम. करकरीत आंबट कैऱ्या बाहेर मोठ्या अडकित्त्यावर फुटत असतात. फोडीला आतल्या कोयीच्या कवचाचा तुकडा चिकटलेलाच हवा, कारण त्यामुळे फोड वर्षभर मऊ पडत नाही. अक्का लोक एकेक फोड उलटून पाहतात आणि कवच सुटलेली फोड सरळ परत टाकतात. आत दुकानदार मोहरीची पूड, तिखट आणि मीठ यांची पाकिटं घरच्या मापाने बांधून देतो. तेलावर मात्र एकमत नाही. आंध्रकडचे तिळाच्या तेलाचा आग्रह धरतात, तेलंगणाच्या बऱ्याच घरांत शेंगदाण्याचं तेल आणि आलं-लसूण. बाटलीबंद आवकायही मिळतं, प्रिया ब्रँडचं सगळीकडे दिसतं आणि ते वाईट नाही. पण घरच्या लोणच्यात मोहरी नाकात जाते, तशी बाटलीतली जात नाही.

भाद्रपद अमावास्येला, म्हणजे आपल्याकडे सर्वपित्री असते त्या दिवशी, बतुकम्मा बसते. नऊ दिवस बायका फुलांचे थर रचून त्यांभोवती फेर धरतात, शेवटी बतुकम्मा पाण्यात सोडतात. फुलं आपल्या ओळखीची: तरवड, कुरडू, झेंडू. 2014 मध्ये तेलंगणा वेगळं राज्य झालं, त्याच वर्षी हा राज्याचा सण ठरला. वाण्याला हे नऊ दिवस पाठ असावे लागतात, कारण प्रत्येक दिवसाचा नैवेद्य वेगळा. दुसऱ्या दिवशी पोहे, तिसऱ्याला घट्ट वरण, चौथ्याला भिजवलेले तांदूळ, पाचव्याला डोसे. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, नैवेद्य नाही. आठव्याला लोणी, आणि शेवटच्या सद्दुला बतुकम्मेला पाच प्रकारचे भात: चिंचेचा, दह्याचा, लिंबाचा, तिळाचा, खोबऱ्याचा. त्या आठवड्यात तीळ, चिंच आणि तांदूळ या तीन गोष्टी संपलेल्या दुकानदाराला वस्ती वर्षभर बोल लावते.

वस्तीचं असं वेळापत्रक सांभाळणं गोदामाला जमत नाही. भिवंडीभोवती दापोडे, वळ, राहनाळ, माणकोलीच्या पट्ट्यात देशातली मोठमोठी गोदामं आहेत. मुंबईकराने मोबाइलवर मागवलेलं पीठ, साबण, बिस्किटं तिथूनच हलतात. त्या याद्यांत सोना मसुरीही सापडेल. पण वाळवलेल्या चिंचेच्या कोवळ्या पाल्याची पुडी, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, कोहळ्याचे वडियालू म्हणजे सांडगे, आणि पंधरवड्याचा पगार होईपर्यंत थांबणारी उधारीची वही एका ठिकाणी मिळायला पद्मनगरच लागतं. मागाला मंदी आली की वही जाड होते. सूत महागलं, वीज महागली की पहिला फटका वाण्यालाच बसतो.

सकिनालू शेवटी ठेवलेत, कारण ते दुकानात खऱ्या अर्थाने आठवडाभरच असतात. संक्रांतीचा पदार्थ. तांदूळ भिजवून, निथळून, ओलसर असतानाच दळायचे. त्यात तीळ, ओवा, मीठ. पांढरं धुतलेलं कापड जमिनीवर पसरून बायका भोवती बसतात आणि पिठाची दोरी अंगठा-तर्जनीत पिळत पिळत एकात एक कडी घालतात. साचा नाही, सोऱ्या नाही. कडी मध्ये तुटली तर ती पुन्हा पिठात. थोडी सुकली की उलथण्याने उचलून तळणीत. आपल्या चकलीत मोहन असतं, यात नसतं, म्हणून सकिनम कडक आणि कोरडं लागतं. तिळाचा स्वाद चावल्यावर येतो. लेकीच्या सासरी संक्रांतीला डबा भरून पाठवायची रीत आहे, त्यामुळे घरी करायला हात नाहीत अशी कुटुंबं दुकानातून किलोने नेतात.

एरवी पाकिटात जे सकिनालू वर्षभर लटकत असतात ते घेऊ नका. त्यांत तेलाला खवट वास येतो आणि ते यंत्राने पाडलेले असतात. तांदूळ, पोडी, चिंच कधीही घ्या. मिरची मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल येतो तेव्हा. सकिनालू हवे असतील तर भोगीच्या आठवडाभर आधी दुकानात नाव आणि वजन सांगून ठेवा आणि डबा घरून न्या. पिशवीत मोडतात.