गाडीची उंची नकाशाला कोण सांगणार?

रात्रीचे अडीच वाजले होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, रेल्वेच्या मोरीपुढे चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर थांबला होता आणि मी केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. मोबाइल सांगत होता, "सरळ जा." मोरीवरची पाटी सांगत होती, उंची 4.2 मीटर. क्लीनर बॅटरी घेऊन उतरला, मोरीकडे बघितलं, कंटेनरकडे बघितलं आणि मान हलवली. मग एक किलोमीटर रिव्हर्स. क्लीनर मागे चालत पत्र्यावर थापा मारत होता. थापा सुरू असतील तोवर गाडी येऊ द्यायची, जोरात एकच थाप पडली की ब्रेक. दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्ये जेमतेम गाडीएवढा रस्ता. तेवढ्याला पाऊण तास गेला.

"मागच्या महिन्यात ह्याच मोरीतून गेलो होतो की!" ड्रायव्हरदादा म्हणाले. ते खरंच होतं. पण त्या वेळी साधा कंटेनर होता, 8 फूट 6 इंच उंचीचा. या वेळी हाय-क्यूब होता, 9 फूट 6 इंचांचा. ट्रेलरची दीड मीटर उंची धरली तर पहिला जमिनीपासून सुमारे 4.1 मीटर आणि दुसरा 4.4 मीटर. गाडी तीच, रस्ता तोच. एका फुटाने सगळं बदललं. मोबाइलला मात्र ना पहिली उंची माहीत होती, ना दुसरी.

ट्रकसाठी नेव्हिगेशन घेताना मालक स्क्रीन बघतात, किंमत बघतात, आवाज बघतात. हे यंत्र आपल्या गाडीबद्दल काही विचारतं का, हे फार थोडे बघतात. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज 1 : गाडीत जीपीएस बसवलंय, म्हणजे रस्ता कळणारच.

वस्तुस्थिती : ट्रान्सपोर्टच्या धंद्यात 'जीपीएस बसवलं' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ट्रॅकर बसवलेला असतो. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, किती वेगाने चालली आहे, हे तो मालकाला कळवतो. ड्रायव्हरला तो एकही वळण सांगत नाही. सरकारच्या एआयएस 140 या मानकाची उपकरणंही याच जातीची आहेत, म्हणजे ठावठिकाणा कळवणारी. ड्रायव्हरला रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन हे वेगळं साधन आहे आणि त्याचा खर्चही वेगळा धरावा लागतो. फास्टॅगचा तर उपग्रहाशी काहीच संबंध नाही. काचेवरची ती चिप टोलनाक्यावरच्या रेडिओ लहरींनी वाचली जाते.

गैरसमज 2 : मोबाइलचा नकाशा मोटारीला चालतो, तर ट्रकलाही चालेल.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त गैरसमज आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या गूगल मॅप्समध्ये मोटारीचा पर्याय आहे, दुचाकीचाही आहे; ट्रकचा नाही. म्हणजे सोळा चाकी गाडी घेऊन निघालेल्या माणसालाही ते मोटारवाला समजूनच रस्ता देतं. मोटारीला गावातली गल्ली चालते, रेल्वेची मोरी चालते, जुना अरुंद पूल चालतो. ट्रकला यातलं एकही चालेलच असं नाही.

आपल्या घाटांकडे बघा. देशावरून कोकणात उतरायला कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, फोंडा, करूळ, आंबोली असे कितीतरी घाट आहेत. नकाशावर ते सगळे सारख्याच रेघा दिसतात. प्रत्यक्षात कुठल्या घाटातलं वळण लांब ट्रेलरला एका दमात घेता येतं आणि कुठे गाडी अडकून दोन्हीकडची वाहतूक बंद पडते, हे त्या वाटेचे जुने ड्रायव्हर सांगू शकतात. त्यात घाटांची स्थिती बदलत राहते. भोर-महाड रस्त्यावरच्या वरंधा घाटात पावसाळ्यात वाहतूकबंदीचे आदेश निघतात. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी अनेक महिने बंद होता. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर 16 टनांपेक्षा जड मालवाहू गाड्यांना ठरावीक दिवस बंदी असते. मोटारींसाठी तोच रस्ता खुला असतो, त्यामुळे मोटारीचा नकाशा तो हिरवागार दाखवतो.

गैरसमज 3 : महागडा ट्रक-नेव्हिगेटर घेतला की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : खास ट्रकसाठीची यंत्रं आणि ॲप असतात, आणि ती कामाची असतात. ती सुरुवातीलाच उंची, रुंदी, लांबी, वजन आणि एक्सलची संख्या विचारतात, ज्वालाग्राही माल आहे का तेही विचारतात. मग त्या गाडीला झेपेल असा मार्ग काढतात. पण यंत्र कितीही चांगलं असलं, तरी त्याच्या नकाशात त्या मोरीची उंची भरलेली नसेल तर ते काय टाळणार? अमेरिका-युरोपात नावाजलेलं यंत्र आपल्याकडच्या तालुक्याच्या रस्त्यांवर आंधळं ठरू शकतं.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. न्यूयॉर्कभोवतीच्या पार्कवे रस्त्यांवर जुने, बुटके दगडी पूल आहेत आणि तिथे ट्रकना बंदी आहे. मोटारीचं नेव्हिगेशन लावलेले ट्रक तिथे शिरून पुलांना धडकू लागले, तेव्हा तिथल्या केंद्रीय ट्रक-सुरक्षा यंत्रणेने चालकांसाठी सूचनांचं कार्डच काढलं. त्याचा गाभा साधा आहे : ट्रकसाठी बनवलेलंच नेव्हिगेशन घ्या, निघण्याआधी गाडीची सगळी माहिती त्यात भरा, आणि यंत्र काहीही म्हणालं तरी रस्त्यावरची पाटी पाळा.

म्हणून विकत घेण्याआधी यंत्राची परीक्षा घ्या. तुम्हाला पाठ असलेली एखादी अडचणीची जागा निवडा : बुटकी मोरी, जड वाहनांना बंद असलेला पूल, अरुंद घाट. यंत्रात तुमच्या गाडीची मापं भरा आणि त्या जागेच्या पलीकडचं ठिकाण टाका. यंत्राने ती जागा टाळली तर पुढे बोला. थेट तिथूनच नेलं, तर दुकानदाराचं बाकीचं कौतुक ऐकण्यात अर्थ नाही.

गैरसमज 4 : नेटवर्क गेलं की जीपीएस बंद पडतं, आणि चालू असलं की चुकत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्र आपली जागा स्वतः काढतं; त्याला सिमकार्ड लागत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला आणि वाहतूककोंडी कळायला. म्हणून नकाशा आधीच साठवून ठेवा, म्हणजे घाटात रेंज गेली तरी वाट हरवत नाही.

अचूकतेचं म्हणाल, तर मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतो. दरीत आणि उंच इमारतींमध्ये चूक वाढते, बोगद्यात तर संदेशच पोहोचत नाही. महामार्ग आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी असतात, उड्डाणपूल डोक्यावर असतो. तिथे पाच मीटरची चूकही तुम्हाला भलत्याच रस्त्यावर दाखवते. भारताच्या 'नाविक' या उपग्रह-प्रणालीचे संदेशही घेणारं यंत्र असेल तर उत्तमच, कारण दिसणारे उपग्रह वाढले की जागा नीट सापडते. पण जागा नीट सापडणं वेगळं आणि रस्ता योग्य असणं वेगळं. मोरीपुढे आम्ही नेमके कुठे उभे आहोत, हे आमच्या मोबाइलने अगदी बरोबर दाखवलं होतं.

गैरसमज 5 : कमी किलोमीटर म्हणजे कमी डिझेल.

वस्तुस्थिती : चढणीचा जवळचा रस्ता भरलेल्या गाडीला लांबच्या सपाट रस्त्यापेक्षा महाग पडू शकतो. उताराचा हिशेब तर जिवाशी आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाच्या धडकेने सुरू झालेल्या अपघातात 48 वाहनांचं नुकसान झालं. 'पुढे लांब उतार आहे, गिअर खाली घ्या' असं सांगणारं यंत्र मिळालं तर जरूर घ्या. नसेल, तर उतार कुठे सुरू होतो ते ड्रायव्हरला निघण्याआधी सांगा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक हातचा घालवणं.

गैरसमज 6 : स्क्रीनवर दिसते ती पोहोचायची वेळ.

वस्तुस्थिती : ती मोटारीची वेळ असते. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे, मालवाहू गाडीची 80. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदतही दर 200 किलोमीटरला एक दिवस अशीच धरली जाते. तरी काही मालक मोबाइलवरची वेळ बघून फोन करतात, "अजून पोहोचला नाहीस?" मग ड्रायव्हर झोप मोडून गाडी हाणतो. हा गैरसमज ट्रकमध्ये बसलेल्यांच्याच नाही, समोरून येणाऱ्यांच्याही जिवावर बेततो.

गैरसमज 7 : गाडी चालवताना मोबाइल वापरला की दंड, मग नकाशासाठी असला तरी.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार मोबाइल केवळ मार्ग बघण्यासाठी वापरता येतो, मात्र चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. हातात धरून बोलणं हा गुन्हाच आहे आणि त्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. म्हणून मजबूत स्टँड घ्या, तो समोरचा रस्ता झाकणार नाही असा लावा, आणि पत्ता गाडी उभी असतानाच टाका. यंत्र मराठीत किंवा हिंदीत बोलत असेल तर स्क्रीनकडे बघावंच लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : मोठ्या ट्रकची बॅटरी-व्यवस्था 24 व्होल्टची असते, मोटारीची 12 ची. मोटारीच्या दुकानातून चार्जर आणताना त्यावर '12/24 व्होल्ट' लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्या.

त्या रात्रीनंतर ड्रायव्हरदादांनी एक सवय लावून घेतली. माल भरला की क्लीनर टेप घेऊन वर चढतो, जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची मोजतो, आणि तो आकडा खडूने केबिनच्या दारावर आतून लिहितो. पाटी दिसली की आधी दाराकडे नजर, मग पुढे. त्या खडूला खर्च काहीच नाही. उद्या ते चांगलं यंत्र घेतील तेव्हाही पहिला आकडा त्याच दारावरून त्यात भरावा लागेल.