घोटा बरा झाला, पण खेळाडू बरा झाला का?

कबड्डी खेळताना किंवा घाईने जिना उतरताना तुमचा पाय कधी ना कधी मुरगळला असेलच. आईने आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला असेल, पट्टी आवळून चार दिवस घरात बसवले असेल. पाचव्या दिवशी सूज उतरते, ठणका थांबतो आणि नेमके त्याच वेळी मित्र दाराशी येऊन विचारतात, ‘येतोस का खेळायला?’ अशा वेळी पाय ‘बरा झाला’ हे तुम्ही कशावरून ठरवता? दुखत नाही म्हणून? चालता येते म्हणून? की संघाला तुमची गरज आहे म्हणून?

हाच प्रश्न २०१९ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील क्रीडाशौकिनांमध्ये मोठ्या हिरिरीने चर्चिला जात होता. ज्याच्या पायाविषयी हा वाद चालला होता तो खेळाडू म्हणजे अल्बामा विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी टुआ टागोवायलोआ. वाद घालणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या प्रश्नांची कशी गल्लत केली, ते आज आपण पाहू.

हातांनी खेळायचा फुटबॉल

अमेरिकन फुटबॉल आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा ज्याच्या हाती येतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा, स्वतः घेऊन पळायचे की दूर धावत गेलेल्या सोबत्याकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते आणि तेवढ्या वेळात समोरचे धिप्पाड बचावपटू त्याच्या अंगावर चालून येत असतात. अशा खेळाडूच्या दुखापतीची बातमी म्हणजे साऱ्या गावाची काळजी! अल्बामाच्या मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक बसतात, यावरून तेथील विद्यापीठीय फुटबॉलचे वेड तुमच्या लक्षात येईल.

टुआ चेंडू डाव्या हाताने फेकतो. १ डिसेंबर २०१८ रोजी जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध खेळताना त्याचा डावा घोटा दुखावला. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि २९ डिसेंबरला तो ओक्लाहोमा विद्यापीठाविरुद्ध मैदानात उतरला. पुढच्या वर्षी १९ ऑक्टोबर २०१९ रोजी टेनेसीविरुद्धच्या सामन्यात त्याचा उजवा घोटा तसाच दुखावला. याही वेळी दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ९ नोव्हेंबरला, अवघ्या वीस दिवसांनी, तो लुइझियाना राज्य विद्यापीठाविरुद्ध खेळला.

वीस दिवसांत घोटा बरा होतो का? हे समजण्यासाठी घोट्याची रचना पाहू.

बिजागरी आणि पाचर

गुडघ्याखाली आपल्या पायात दोन लांब हाडे असतात. आतल्या बाजूचे जाड हाड म्हणजे नडगीचे हाड आणि बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे बहिर्जंघास्थी. खालच्या टोकाशी ही दोन हाडे मिळून चिमट्यासारखी एक खोबण तयार करतात. पाऊलातील सर्वांत वरचे हाड या खोबणीत बसते आणि बिजागरीसारखे खाली-वर हलते. हे हाड मागच्या बाजूला अरुंद व पुढच्या बाजूला रुंद, म्हणजे पाचरीसारखे असते. तुम्ही पाऊल वर उचलता तेव्हा त्याचा रुंद भाग खोबणीत शिरतो आणि चिमट्याची दोन टोके फाकवू पाहतो. ती फाकू नयेत म्हणून निसर्गाने दोन्ही हाडे चिवट अस्थिबंधांनी एकमेकांना बांधून ठेवली आहेत.

आपला पाय नेहमी मुरगळतो तेव्हा पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे, खालचे अस्थिबंध ताणले जातात. टुआची दुखापत याहून वेगळी होती. पाऊल जमिनीवर रुतलेले असताना ते बाहेरच्या बाजूला पिळवटले गेले, तर चिमट्याला बांधून ठेवणारे वरचे अस्थिबंध तुटतात. मग प्रत्येक पावलागणिक पाचर आत शिरते आणि सैल झालेला चिमटा फाकतो. म्हणूनच ही दुखापत साध्या मुरगळण्यापेक्षा जास्त दिवस रेंगाळते.

गादीचे टाके

पूर्वी अशा वेळी दोन्ही हाडांतून आडवा स्क्रू बसवत. पण ही दोन हाडे चालताना एकमेकांच्या संदर्भात किंचित हलतात. स्क्रू त्यांना जखडून टाकतो. पायावर लवकर भार दिला तर तो मोडू शकतो आणि पुष्कळदा नंतर दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो.

टुआच्या घोट्यांवर केलेली शस्त्रक्रिया निराळी होती. गादी शिवणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. तो गादीतून आरपार दोरा ओवून दोन्ही बाजूंना गोंडे ठेवतो आणि दोरा आवळतो. शल्यचिकित्सकांनीही तसेच केले. दोन्ही हाडांतून बारीक भोक पाडून अतिशय मजबूत कृत्रिम धागा ओवला आणि त्याच्या दोन टोकांना धातूच्या छोट्या गुंड्या बसवून तो आवळला. त्यामुळे हाडे फाकत नाहीत, पण नैसर्गिक थोडी हालचाल करू शकतात. साहजिकच रुग्ण पायावर लवकर भार देऊ शकतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धाग्याने चिमटा आवळून धरला, म्हणून तुटलेले अस्थिबंध जुळले असे होत नाही. ते त्यांच्याच गतीने जुळतात. पहिले काही दिवस त्या जागी सूज येते. रक्तातील पेशी तेथे जमून मोडतोड साफ करतात. त्यानंतरचे काही आठवडे नवे तंतू विणले जातात. हे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात, पण सुरुवातीला ते विस्कळीत आणि कच्चे असतात. पुढे अनेक महिने, कधी वर्षभरही, ते ताणाच्या दिशेने रांगेत लागत जातात आणि बळकट होतात. म्हणजे विसाव्या दिवशी टुआचा घोटा मुख्यतः धाग्याच्या आधारावर उभा होता. त्यामागचे विणकाम अजून चालूच होते.

चेंडूचा वेग येतो पायांतून

‘तो तर हाताने चेंडू फेकतो, मग घोट्याचे एवढे काय?’ असे तुम्ही विचाराल. भिंतीला पाठ टेकून, पाय जुळवून चेंडू फेकून पाहा; तो फार लांब जाणार नाही. फेकणारा आधी मागच्या पायाने जमीन मागे रेटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमीन त्याला पुढे ढकलते. हा जोर पायांतून कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात आणि शेवटी मनगटात पोचतो. आपल्याकडचा वेगवान गोलंदाजही हेच करतो.

डावखुऱ्या माणसाचा मागचा, रेटा देणारा पाय डावा असतो आणि पुढचा, अंग तोलणारा पाय उजवा. २०१८ मध्ये टुआचा रेटा देणारा पाय दुखावला, तर २०१९ मध्ये तोलणारा. शिवाय अस्थिबंधांत पायाची स्थिती मेंदूला कळवणारे सूक्ष्म संवेदक असतात. अस्थिबंध तुटले की हा निरोपही विस्कळीत होतो. दुखणे थांबले तरी पाय ‘नेमका कुठे आहे’ हे कळण्यात चूक होत राहते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव जास्त असतो, त्याचे हे एक कारण आहे.

आकडे काय सांगतात?

आता शौकिनांच्या वादाकडे वळू. क्वार्टरबॅकने फेकलेले किती चेंडू सोबत्यांनी झेलले, हा आकडा प्रत्येक सामन्यात नोंदवला जातो. २०१८ च्या पूर्ण हंगामात टुआने ३५५ पैकी २४५ चेंडू अचूक पोचवले, म्हणजे शेकडा ६९. शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनी ओक्लाहोमाविरुद्ध त्याने २७ पैकी २४ पोचवले, म्हणजे शेकडा ८९! ‘पाहा, घोटा पूर्ण बरा आहे,’ असे म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला.

२०१९ मध्ये लुइझियानाविरुद्ध त्याने ४० पैकी २१ पोचवले, म्हणजे शेकडा ५३ च्या आसपास. अल्बामा ४१ विरुद्ध ४६ अशी हरली. ‘पाहा, त्याला घाईने उतरवले,’ असे म्हणणाऱ्यांनाही पुरावा मिळाला. गंमत अशी, की याच सामन्यात त्याच्या फेकींवर संघाने ४१८ यार्ड मिळवले आणि चार वेळा गुणरेषा ओलांडली. म्हणजे एकाच सामन्यातून दोन्ही पक्षांना हवे ते आकडे काढता येत होते.

घोटा बरा होता की नाही, हे या आकड्यांवरून ठरत नाही. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, प्रतिस्पर्धी सारखे नव्हते. ओक्लाहोमाचा बचाव त्या वर्षी कमकुवत होता. उलट लुइझियानाचा संघ त्या हंगामात एकही सामना न हरता विजेता ठरला. दुसरे, यार्डांच्या आकड्यात फेकणाऱ्याबरोबर झेलून पळणाऱ्याचेही श्रेय मिसळलेले असते. तिसरे, एका सामन्यातील २७ किंवा ४० फेकी म्हणजे फारच लहान नमुना. त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो.

पायाची खरी परीक्षा निराळ्या रीतीने घेतात. दुखऱ्या पायावर लंगडी घालून किती अंतर जाता येते, ते निरोग्या पायाशी ताडून पाहतात. एका पायावर तोल किती वेळ राहतो, धावताना अचानक दिशा बदलता येते का, हे मोजतात. या मोजमापांना सामन्याच्या गुणफलकाची गरज नसते.

नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले?

पुढच्याच आठवड्यात, १६ नोव्हेंबर २०१९ रोजी, मिसिसिपी राज्य विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात अल्बामा ३५ विरुद्ध ७ अशी आघाडीवर असताना दोन बचावपटू टुआवर कोसळले. त्याच्या उजव्या खुब्याचा उखळीचा सांधा निखळला आणि उखळीची मागची भिंत मोडली.

ही दुखापत गंभीर का? मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. सांधा निखळला की त्या ताणल्या किंवा तुटल्या जातात. रक्त मिळाले नाही तर हाडाचे डोके हळूहळू मरते. म्हणून निखळलेला खुबा काही तासांच्या आत बसवावा लागतो. प्रसिद्ध खेळाडू बो जॅक्सन याला १९९१ च्या जानेवारीत अशीच इजा झाली होती. त्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झाला आणि १९९२ साली त्याला कृत्रिम खुबा बसवावा लागला. टुआचा खुबा वेळेवर जागी बसवला गेला, दोन दिवसांनी ह्यूस्टन येथे शस्त्रक्रिया झाली आणि ११ महिन्यांनी, १८ ऑक्टोबर २०२० रोजी, तो मायामीच्या व्यावसायिक संघातून पुन्हा खेळला.

‘घोटा कच्चा होता म्हणूनच त्याला निसटता आले नाही,’ असे अनेक शौकीन छातीठोकपणे म्हणाले. तसे असेलही, पण ते सिद्ध कसे करणार? निरोगी घोट्यांचे क्वार्टरबॅकही असे सापडतात. एक घटना दुसरीनंतर घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. एवढे मात्र निश्चित, की एवढी आघाडी असताना त्याला मैदानात ठेवायचे की नाही, हा प्रश्न गुणफलकापेक्षा त्याच्या शरीराकडे पाहून सोडवायचा होता. धोका किती आणि त्यातून मिळणार काय, याचा हिशेब सामन्याआधी मांडायचा असतो. निकाल कळल्यावर मांडलेला हिशेब सर्वांनाच सोपा वाटतो.

करून पाहा

१. भिंतीजवळ, मित्राला शेजारी उभे करून, एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. तोल किती सेकंद राहतो ते मोजा. प्रत्येक पायावर तीनदा प्रयोग करा. ज्यांचा एक पाय पूर्वी मुरगळला होता, त्यांच्या दोन पायांत फरक पडतो का, ते वर्गात ताडून पाहा. ज्याचा पाय सध्या दुखत आहे त्याने हा प्रयोग करू नये.

२. एका पिशवीत सात पांढरी आणि तीन काळी, पण एकसारख्या आकाराची बटणे टाका. न पाहता एक बटण काढा, नोंद करा आणि परत टाका. असे २७ वेळा केले की तुमच्या क्वार्टरबॅकचा एक ‘सामना’ झाला. असे दहा सामने खेळा. कधी १५ पांढरी निघतील, तर कधी २२ देखील! पिशवीचा घोटा तर दुखावलेला नाही. मग हा फरक कोठून आला?

शिक्षकांनी या दुसऱ्या प्रयोगाच्या नोंदी फळ्यावर आलेखाने मांडाव्यात. आणि तुमच्या शाळेच्या संघातील एखादा गडी पाय मुरगळून परतला, तर त्याने पहिल्या सामन्यात किती गुण मिळवले हे विचारण्याआधी, तो दुखऱ्या पायावर लंगडी घालू शकतो का, एवढे अवश्य पाहा.