होडीत पाऊल टाकण्यापूर्वी

बंगळुरूहून कनकपुरामार्गे नव्वदेक किलोमीटर गेले की रस्ता नदीकाठी येऊन थांबतो. ठिकाणाचे नाव संगम. नंदी टेकड्यांत उगम पावलेली अर्कावती इथे कावेरीला मिळते. सुट्टीच्या दिवशी शहरातली कुटुंबे डबे घेऊन इथे येतात. पुढे मेकेदाटू, म्हणजे 'बकरीची उडी', ही अरुंद घळ पाहायची तर आधी नदी ओलांडावी लागते. पाणी अगदी कमी असेल तर लोक चालत जातात. एरवी उपयोगी पडते ती टोपलीसारखी गोल होडी, कन्नडमध्ये 'हरिगोलु'.

ही होडी फार जुनी. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पायेस या पोर्तुगीज प्रवाशाने अशाच होड्यांचे वर्णन केले आहे. आतून वेताच्या, बाहेरून कातड्याने मढवलेल्या त्या होड्यांतून १५-२० माणसे, वेळप्रसंगी घोडे आणि बैलही नदी पार करत. आज कातड्याची जागा प्लॅस्टिकच्या कापडाने आणि डांबराने घेतली आहे.

होडी भर प्रवाहात उलटेल, अशी सर्वांना भीती वाटते. पण तोल सहज जातो तो काठाशीच, चढताना आणि उतरताना. एक पाय दगडावर, दुसरा होडीत आणि तेवढ्यात होडी सरकते! गोल होडीला ना पुढचे टोक, ना मागचे. वजन पडेल तिकडे ती कलते. म्हणून नावाड्याने होडी घट्ट धरेपर्यंत थांबावे. एकेकाने वाकून चढावे, पाऊल मधोमध टाकावे आणि लगेच खाली बसावे. वजन सर्व बाजूंना सारखे हवे. लाइफ जॅकेट काठावरच घालून त्याचे पट्टे आवळावेत. फोटोसाठी उभे राहणे तर नकोच.

लांबट, अरुंद कयाकलाही हाच नियम लागू पडतो. ती उथळ, संथ पाण्यात काठाला समांतर ठेवावी. वल्हे पाठीमागे आडवे धरून त्याचे एक टोक काठावर टेकवावे, त्यावर हाताचा आधार घेऊन आधी बसावे, मग पाय आत घ्यावेत. नवख्याने शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात उतरू नये.

मात्र सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. संगमावर ऊन असले तरी कोडगू आणि वायनाडमध्ये पाऊस कोसळत असू शकतो. कृष्णराजसागर किंवा कबिनी धरणातून सोडलेले पाणी कित्येक तासांनी इथे पोहोचते आणि मघाशी घोटाभर असलेली नदी अनोळखी होते. काठावर पोहोचताच पाण्याच्या रेषेवरचा एखादा दगड हेरून ठेवावा. तो बुडू लागला, पाणी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की मुलांना घेऊन तत्काळ वर यावे. खाली तमिळनाडूत होगेनक्कलला पाणी वाढले की होड्या बंदच ठेवतात.

नावाडी रोज हे पाणी पाहतो. त्याने "आज नको" म्हटले तर दुप्पट पैशांचे आमिष दाखवू नये. अशा दिवशी झाडाच्या सावलीत डबा उघडावा. मेकेदाटू पुढच्या रविवारीही तिथेच असेल.