मावशीचा रकाना

सास्काटून (कॅनडा), सप्टेंबर

इथल्या क्री भाषेत आजीला ‘कोकम’ म्हणतात आणि आजोबांना ‘मुशूम’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलकढीच आठवली होती. सास्काचेवान विद्यापीठात एखादा वीस वर्षांचा मुलगा दारातून डोकावून ‘आज कोकम आल्यात का?’ असं विचारतो, तेव्हा तो घरच्या आजीची चौकशी करत नसतो. विद्यापीठानं आदिवासी विद्यार्थ्यांसाठी बोलावलेल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंची करत असतो. त्यांच्याकडे सल्ला मागायचा तर आधी त्यांच्या हाती थोडी तंबाखू द्यायची, अशी रीत आहे. आपल्या गावाकडच्या माणसाला ती परकी वाटणार नाही, फक्त इथं तंबाखू मळून तोंडात टाकायची नसते.

या मुलांची हक्काची जागा म्हणजे गॉर्डन ओक्स रेड बेअर विद्यार्थी केंद्र. २०१६ साली उघडलेली ही इमारत डग्लस कार्डिनल या नामवंत वास्तुकारानं रचली. सरळ रेषेचं त्याला वावडं असावं, इतक्या त्याच्या भिंती वळतात. पण मला लिहायचं आहे ते अशा केंद्रांमध्ये टेबलामागे बसणाऱ्या माणसांबद्दल. त्यांचं अधिकृत पद ‘विद्यार्थी सल्लागार’. मुलं मात्र त्यातल्या बायकांना सरळ ‘आंटी’ म्हणतात. माझ्या ओळखीच्या अशाच एक क्री बाई आहेत. हे काम नेमकं काय, असं मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मुलं पळून जाऊ नयेत म्हणून दारात बसायचं.”

पळून का जावं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. आपल्याकडे ‘निवासी शाळा’ हे शब्द जाहिरातीत मिरवतात. इथं ते उच्चारताना आवाज खाली येतो. सरकारनं आणि चर्चनं मिळून चालवलेल्या या शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली गेली. आपली भाषा बोलली की मार बसायचा. हजारो मुलं परतलीच नाहीत. याच प्रांतातली गॉर्डन्स ही शाळा बंद झाली १९९६ मध्ये. म्हणजे आज पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीची आई तिथं राहिलेली असू शकते. अशा घराच्या लेखी विद्यापीठ म्हणजे त्याच शाळेचे वरचे वर्ग.

त्यातून १८७६ हे साल मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘इंडियन अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. आदिवासी माणसानं विद्यापीठाची पदवी घेतली की तो कायद्यानं ‘इंडियन’ राहणार नाही, असं कलम त्यात होतं. आणि ऑगस्टमध्ये इथून उत्तरेला फोर्ट कार्लटनला क्री प्रमुखांशी सहावा करार झाला, त्यात राणीच्या सरकारनं शाळा चालवण्याचं वचन दिलं. एका हातानं पाटी द्यायची आणि फार शिकलास तर दुसऱ्या हातानं नाव खोडायचं! ते कलम केव्हाच गेलं, पण शिकलं की आपलं माणूस परकं होतं, ही धास्ती काही कलमाबरोबर रद्द झाली नाही.

सप्टेंबरात आंटींच्या दारात रांग असते ती पैशांसाठी. ‘यांना सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य इथं टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बोलतात. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदक वाढता वाढता, एका सद्गृहस्थांनी ते मलाही ऐकवलं. मायदेशी आरक्षणावर काढलेला गळा इथंही तसाच सुरात लागतो! वस्तुस्थिती अशी, की केंद्र सरकार ठरावीक रक्कम जमातीच्या परिषदेला देतं आणि परिषद ती वाटते. १९९६ पासून कित्येक वर्षं या रकमेची वाढ दरसाल दोन टक्क्यांवर अडवलेली होती. मुलं मात्र त्याहून भराभर वाढत होती. मग यंदा कुणाला आणि पुढच्या वर्षी कुणाला, हे परिषदेला ठरवावं लागतं. फ्रेंच-स्कॉटिश आणि आदिवासी अशा संमिश्र कुळातले मेती तर या योजनेत नव्हतेच. सत्य व सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ज्या ९४ सूचना केल्या, त्यातली अकरावी हा अनुशेष संपवा अशीच आहे. तोवर परिषदेचं पत्र येईपर्यंत फीची मुदत वाढवून घ्या, पुस्तकं उसनी मिळवून द्या, डिपॉझिटसाठी घरमालकाला फोन करा, हे सगळं आंटींकडे.

पण खरी गुंतागुंत नात्यांची आहे, आणि इथं मराठी माणसाचे कान टवकारतात. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एक ‘आंट’ नि एक ‘अंकल’. क्रीमध्ये आईची बहीण ‘निकावीस’, म्हणजे धाकटी आईच. वडिलांची बहीण ‘निसिकोस’, आणि सासूलाही हाच शब्द. आईचा भाऊ ‘निसिस’, आणि सासराही ‘निसिस’. आमच्या आजीनं जन्मभर सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हटलं. हे मी आंटींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला कागदावर सगळा गोतावळा काढून दाखवायला लावला. मामाची मुलगी हक्काची कशी, हेही मग सांगावं लागलं!

त्यांच्या आधीच्या नोकरीतली, दुसऱ्या गावच्या एका कॉलेजातली हकीकत आहे. एका मुलाची मावशी वारली. तो उत्तरेला आपल्या वस्तीवर गेला. तिथं मयताजवळ रात्रंदिवस बसण्याची रीत आहे, त्यात चार दिवस गेले आणि परीक्षा बुडाली. पुन्हा परीक्षा द्यायची तर अर्जात ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना. आई, वडील, भावंडं, जोडीदार. मावशी नाही. कारकून म्हणाला, यात बसत नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आंटींनी ‘आई’समोर खूण केली, खाली क्री शब्द लिहिला आणि स्वतःच सही ठोकली. नात्यांनी बांधलेल्या या जगण्याला क्रीत ‘वाहकोहतोविन’ म्हणतात. आंटींच्या नोकरीच्या जाहिरातीत तो शब्द नव्हता.

अलीकडे त्यांच्याकडे एक नकोसं काम आलं आहे. २०२१ मध्ये इथल्याच एका नावाजलेल्या प्राध्यापिकेच्या आदिवासी असण्यावर जाहीर प्रश्न उभे राहिले. पाठोपाठ विद्यापीठानं राखीव जागा आणि शिष्यवृत्त्यांसाठी पुरावा मागणारं धोरण केलं. जात पडताळणी समितीच्या फेऱ्या मारलेल्या माझ्या वाचकांना यातली दोन्ही दुखणी ठाऊक आहेत. खोट्यानं खऱ्याचा घास पळवू नये हे खरंच. पण लहानपणी सरकारनं परक्या घरी दत्तक दिलेली मुलगी कागद कुठून आणणार? तिच्यासाठी पुन्हा आंटी चार वस्त्यांवर फोन करत बसतात. तुझी कोकम कोण, असं विचारून धागा सापडतो का बघतात.

कोकमवरून आठवलं. गेल्या आठवड्यात मी घरून आमसुलं नेली आणि केंद्रात आलेल्या ज्येष्ठ बाईंपुढे धरली. आमच्याकडे कोकम आमटीत घालतात, असं सांगितल्यावर त्या गदगदा हसल्या. मग एक आमसूल जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वाळवलेल्या चोकचेरीसारखं लागतं. आणखी आहे?”